वायर नसलेली रांग

टेबल दाखवलंय, खुर्ची दाखवलीय आणि पॉइंट मात्र नाही, असा नकाशा अनुपमाने आजवर पाहिला नव्हता. तिने तो स्क्रीनवर मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. मग चहा प्यायला म्हणून उठली आणि चहा न पिताच परत आली.

केबलिंगच्या धंद्यात माणसं मोजायची रीत अगदी सरळ असते. खुर्ची आली की तिच्यामागे दोन डेटा पॉइंट आले, एक कॉम्प्युटरचा, एक फोनचा. त्या खुर्चीवर कोण बसणार, तो कामसू की कामचुकार, याच्याशी केबलवाल्याला काही देणंघेणं नसतं. पॉइंटपासून हब रूमपर्यंत, जिथे सगळ्या वायरी एकत्र येतात तिथपर्यंत, वायर कुठून न्यायची, छताखालच्या ट्रेमधून की जमिनीतल्या पाइपातून, आणि ती नव्वद मीटरच्या आत कशी बसवायची, एवढीच त्याची चिंता. त्यापुढे वायर गेली की नेटवर्क कुरकुरायला लागतं. म्हणून हब रूम मजल्याच्या मधोमध हवी, असं अनुपमाने या कामाच्या पहिल्याच मीटिंगमध्ये ठासून सांगितलं होतं, आणि इंटीरियरवाल्याने तोंड वाकडं करत का होईना, आपली लाडकी कॉन्फरन्स रूम बाजूला सरकवली होती.

काम मोठं होतं. जहाजाने माल पाठवणाऱ्या एका कंपनीचं ऑफिस घाटकोपरहून अंधेरीला, मरोळच्या नव्या इमारतीत यायचं होतं आणि त्या अख्ख्या मजल्याची वायरिंग आखायची जबाबदारी अनुपमावर होती. इतकी वर्षं तिने दुसऱ्यांनी मारलेल्या रेघांवरून माणसं कामाला लावली. रेघा स्वतः मारायची ही पहिलीच वेळ. काम देताना तिचे मालक चंद्रप्रकाश यांनी सहज विचारलं होतं, त्या कंपनीत तुझ्या ओळखीचं कोणी आहे का. अनुपमा नाही म्हणाली.

खरं म्हणजे तिचा नवराच त्या कंपनीत होता. देवेश परब, एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन सेक्शन, लग्नाच्या आधीपासून. हो म्हटलं असतं तर काम दुसऱ्या कोणाकडे गेलं असतं आणि त्या दुसऱ्याने हब रूम संडासाला चिकटवून ठेवली असती, अशी अनुपमाने स्वतःची समजूत घातली. माणूस आपली समजूत घालायला बसला की कारणं कधी कमी पडत नाहीत. देवेशलाही ते पटलं. नवरा-बायको आहोत हे तिथे कोणाला कळू द्यायचं नाही असं दोघांनी ठरवलं, आणि त्या संध्याकाळी तो तिच्यासाठी आइस्क्रीम घेऊन आला.

आणि आता हा मेल. पाठवणाऱ्या श्रुतिका मॅडम, कंपनीच्या आयटी प्रमुख. बोलायच्या कमी आणि लिहायच्या त्याहून कमी. एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनच्या मागच्या रांगेतले सगळे पॉइंट काढून टाका, पुढची रांग तशीच राहू दे, आणि हा लेआउट बाहेर जाऊ देऊ नका, स्टाफला अजून काही सांगितलेलं नाही. बस, एवढंच.

ते शेवटचं वाक्य अनुपमा पुन्हा पुन्हा वाचत राहिली. देवेशच्या सेक्शनला रांगा दोनच. एक राहणार, एक जाणार, आणि ज्यांची जाणार त्यांना अजून पत्ता नाही. टेबलं-खुर्च्या नकाशातून पुसायच्या राहून गेल्या असतील, असं तिने धरून टाकलं.

वायफायचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. ती काही कालची पोर नव्हती. पण वायफायचं काम दुसऱ्या कंपनीला दिलेलं होतं, त्याचा नकाशा तिच्याकडे नव्हता. शिवाय देवेशच्या सेक्शनचं काम तिला घरबसल्या पाठ झालेलं. टेबलाला खिळलेले जुने डेस्कटॉप, बंदराच्या वेबसाइटवर कागद चढवताना नेट क्षणभर जरी गेलं तरी सगळं पहिल्यापासून. असल्या लोकांना कोण वायफायवर बसवेल? तिने तो विचार मनातून काढून टाकला, आणि तो किती लवकर काढून टाकला हे तिच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या कुठल्याही कामात तिने फोन उचलून सरळ विचारलं असतं की मॅडम, ही रांग कोरडी का ठेवताय. इथे तिने नंबर लावला आणि रिंग वाजायच्या आत कापला. आवाज कापरा निघाला तर मॅडम विचारणार, तुम्हाला एवढी काळजी कशाला? मग देवेशचं नाव निघणार, मग चंद्रप्रकाश सरांसमोर मारलेली थाप निघणार. तिने निमूटपणे मागच्या रांगेतले पॉइंट एकेक करून पुसले. प्रत्येक पॉइंट पुसताना आपण कोणाच्या तरी घरातला दिवा बंद करतोय असं तिला वाटत होतं, आणि तरी तिचा हात थांबला नाही.

घरी सांगायचं नाही, असं ठरवूनच ती मुलुंडला उतरली. गव्हाणपाड्यात त्यांची दोन खोल्यांची जागा, तिथे ती, देवेश आणि तिचे सासरे गुणाजी. जेवताना देवेश नव्या ऑफिसच्या कँटीनबद्दल काहीतरी मजेत बोलत होता, आणि तिच्या तोंडून निघून गेलं की तू पुढच्या रांगेत बसतोस की मागच्या. तो म्हणाला, मागच्या, खिडकीपाशी, का गं? तिने त्याच्या ताटात न मागताच भात वाढला, आणि तेवढ्यानेच त्याने काहीतरी ओळखलं. पुढे लपवण्यात अर्थ नव्हता, तिने मेलचं सगळं सांगून टाकलं.

गुणाजी टीव्हीचा आवाज बंद करून ऐकत होते. त्यांची उमर परळच्या गिरणीत गेली होती आणि संपानंतरची वर्षं मिळेल ते काम करण्यात. त्या दिवसांवर ते सहसा बोलत नसत. आज त्यांनी ताट बाजूला सारलं.

"आमच्या गिरणीत असाच झाला होता," ते म्हणाले. "आधी मागल्या खात्यातल्यो मोटरी काढून व्हरल्यानी. आमी म्हटला, दुरुस्तीक व्हरल्यानी आसतीत. मोटरी काय परत येवक नाय, आणि ता खाता पण परत चालू जावक नाय. साहेब तोंडान कधी सांगना नाय रे. मशिनीक बगून समजाचा आसता. जंय वायर नाय, थंय तेंका माणूस नको."

कोणी त्यांना अडवलं नाही. अडवणार कोण? ज्या माणसाचं आयुष्य एकदा असं गेलं, त्याला या खुणा कळत नाहीत असं म्हणायची अनुपमाची छाती नव्हती. तिला स्वतःलाही तेच वाटत होतं, आणि म्हाताऱ्याने ते बोलून दाखवल्यावर त्याच्यावर शिक्का बसल्यासारखं झालं. देवेशने तोंडातला घास गिळला आणि पाणी प्यायला.

त्याची भीती अनुपमाला पुढच्या काही दिवसांत नीट दिसली. तो पहिल्यापासून घाबरट नव्हता. पण गिरणी बंद झालेल्या घरात वाढलेल्या पोरांच्या मनात एक बारीक धास्ती कायम मुक्कामाला असते, आणि ती अशा वेळी जागी होते. बाप रोज डबा घेऊन बाहेर पडतो आणि काम न मिळता डबा तसाच परत आणतो, हे देवेशने पाहिलेलं होतं. तो झोपेत दात खाऊ लागला. ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोहोचू लागला, सेक्शनच्या साहेबांच्या विनोदांना हसू लागला. एका रात्री म्हणाला, पुढच्या रांगेत कोण जाणार हे साहेबच ठरवणार, आणि शेवटच्या जागेसाठी त्यांच्यापुढे दोनच नावं राहतील, मी आणि प्रज्योत.

प्रज्योत खारदांड्याचा कोळी, देवेशच्या बाजूच्या खुर्चीवरचा. काम चोख, जीभ तिखट, आणि जिवाला जीव देणारा. वडील गेल्यापासून आईचा मासळीचा धंदा त्याच्यावर आला होता. ज्या दिवशी माल भरपूर येई, त्या दिवशी पहाटे धक्क्यावर जाऊन आई मंजुळाच्या पाट्या खारदांड्याला पोचवून मगच तो घाटकोपरला येई, आणि साहजिकच उशीर होई. त्यावर दोघांनी मिळून एक तोड काढली होती. प्रज्योतचं हजेरीचं कार्ड देवेशच्या ड्रॉवरमध्ये असायचं, आणि देवेश सकाळी आपल्या कार्डाबरोबर ते पण मशीनला लावायचा. संध्याकाळी देवेशला लवकर निघायचं असलं की प्रज्योत त्याची परतफेड करायचा. हे चाललं होतं वर्षानुवर्षं, आणि देवेश घरी हे हसत हसत सांगायचा. बदल्यात ओले बोंबील यायचे, तेही निशाने, प्रज्योतच्या बायकोने, साफ करून दिलेले. अनुपमाला तो वहिनी म्हणायचा, पण नव्या ऑफिसची वायरिंग तिच्याकडे आहे हे त्यालाही सांगितलेलं नव्हतं.

अनुपमाने एकदा धीर केला. साइटवर श्रुतिका मॅडम आल्या होत्या, जमिनीतले पाइप पाहायला. मागच्या रांगेच्या जागी उघडी फरशी होती, एकही पाइप नाही. अनुपमा म्हणाली, "मॅडम, इथे उद्या पॉइंट लागले तर फरशी फोडावी लागेल. एकदा विचार करा."

"नाही लागणार," श्रुतिका म्हणाल्या. "ते आमचं ठरलंय."

पुढचा प्रश्न अनुपमाच्या अगदी ओठांवर होता. मग ही माणसं काय करणार, एवढाच. पण मॅडमनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, निदान तिला तसं वाटलं. ती पाइपांच्या जाडीबद्दल बोलू लागली. फरशी घालणारा त्याच संध्याकाळी येऊन ती जागा बंद करून गेला.

पुढच्याच आठवड्यात देवेश एके दिवशी नेहमीच्या वेळेआधी घरी आला. बूट न काढता खुर्चीवर बसला आणि म्हणाला, प्रज्योतला काढला. हजेरीत गडबड सापडली म्हणून. तिथल्या तिथे पेपर टाकायला लावले, खालपर्यंत वॉचमन सोडायला गेला.

अनुपमाच्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर सुटलो. याची तिला नंतर फार लाज वाटली, पण आलं हे खरं. मग दुसरी गोष्ट मनात आली आणि तिने हातातली कणीक तशीच ठेवली. कार्ड तर देवेशच्या ड्रॉवरमध्ये होतं. सापडलं कसं?

तिने विचारलं. देवेशने बुटाची लेस सोडायला घेतली आणि तिथेच वाकून राहिला. गुणाजी खाली बागेत गेले होते, घरात दोघंच होती.

"मी साहेबांच्या टेबलावर ठेवलं," तो म्हणाला. "म्हटलं, पँट्रीत सापडलं. कोणाचं आहे बघा. बाकी काही बोललो नाही मी."

बाकी काही बोलायची गरजच नव्हती. माणूस अजून ऑफिसात आलेला नाही, त्याचं कार्ड साहेबांच्या हातात, आणि कालपर्यंतच्या हजेरीत तो रोज नऊच्या ठोक्याला हजर. साहेबांना दोन आणि दोन चार करायला जितका वेळ लागला, तितक्यात प्रज्योतची नोकरी गेली होती. त्या दिवशी देवेशने फक्त स्वतःचं कार्ड मशीनला लावलं होतं, तेवढं त्याने लक्षात ठेवलं होतं.

अनुपमाला त्याच्यावर ओरडायचं होतं. ओरडणार कशी? घरात ती रांग तीच घेऊन आली होती. तिने नुसतं विचारलं, आता तो तुझं नाव सांगेल त्याचं काय? देवेश म्हणाला, तीच भीती वाटतेय. ज्याच्याबरोबर ती इतकी वर्षं राहिली त्या माणसाकडे पाहताना तिला पहिल्यांदाच नीट ओळख पटेना, आणि ही भीती नोकरी जाण्याच्या भीतीपेक्षा मोठी निघाली.

गुणाजींना त्यांनी इतकंच सांगितलं की प्रज्योतची नोकरी गेली. म्हातारा हळहळला. "बगलंस?" तो सुनेला म्हणाला. "सुरवात झाली. आमच्यात पण पयलो एकच गेलो होतो." मग म्हणाला, संपात आम्ही उपाशी राहिलो पण एकमेकांच्या नावावर कधी बोट ठेवलं नाही, तेवढं एक समाधान आहे. देवेश तेव्हा आत मोबाईल चार्जिंगला लावत होता. तो बराच वेळ बाहेर आला नाही.

दिवस असे जाऊ लागले की फोन वाजला तरी दोघं दचकायची. कंपनीतून देवेशला बोलावणं येईल, ड्रॉवरबद्दल विचारतील, सीसीटीव्ही पाहतील. रोज संध्याकाळी तो आला की अनुपमा त्याच्या चेहऱ्याकडे पाही, आणि तो मान हलवून अजून काही नाही असं सांगे. तिच्या हातून कामात चुका होऊ लागल्या. एकदा तिने एका रांगेच्या वायरींवर दुसऱ्याच रांगेचे नंबर लावायला सांगितले आणि टेस्टिंगला सगळा गोंधळ झाला.

रविवारी दुपारी प्रज्योत घरी आला. दारात त्याला पाहताच अनुपमाने आत जाऊन चहा ठेवला. देवेश उठून उभा राहिला आणि उभाच राहिला. प्रज्योत नेहमीसारखा आत आला, गुणाजींच्या पाया पडला, आणि खुर्ची ओढून बसला. दाढी वाढली होती, एवढाच फरक.

त्याचं बोलणं साधंच होतं. कुठे जागा असली तर सांग, डॉक्युमेंटेशनचं काम मला येतं हे तुला माहीत आहे, कोणी विचारलं तर दोन शब्द चांगले सांग. कार्ड पँट्रीत कसं गेलं ते कोडं मला सुटत नाही, तो म्हणाला, बहुतेक तुझ्या हातून पडलं असेल, जाऊ दे, माझंच चुकत होतं. देवेशने हो म्हटलं, बहुतेक पडलं असेल. अनुपमा चहा गाळत होती. तो अर्धा कपात आणि अर्धा ओट्यावर गेला.

निघताना प्रज्योत स्वयंपाकघराच्या दारात आला आणि हळू आवाजात बोलला.

"वहिनी, याला सांभाळा. लई घाबरलाय. त्यांनी मला दोनदा विचारलं, कार्ड कोण लावायचं म्हणून. म्हणाले, नाव सांग, तुझं बघू. मी नाय सांगितलं. सांगणार पण नाय. दोन घरांची वाट कशाला लावायची?"

अनुपमाने मान डोलावली. तो गेल्यावर गुणाजी म्हणाले, पोरगा मनाचो मोठो आसा.

काम संपत आलं. हब रूममध्ये रॅक उभा राहिला, निळ्या वायरींचे जुडगे त्यात ओळीने बसले, टेस्टिंगमध्ये एकूण एक पॉइंट पास झाला. चंद्रप्रकाश सरांनी तिची पाठ थोपटली आणि पुढचं कामही तूच आखायचं असं जाहीर केलं. ज्यासाठी तिने ती थाप मारली होती ते सगळं तिला मिळालं होतं. तिला त्यातलं काहीच नको झालं होतं.

जागा ताब्यात द्यायच्या दिवशी कंपनीने स्टाफला नवीन ऑफिस दाखवायला बोलावलं. देवेश त्याच्या सेक्शनबरोबर आला, आणि ठरल्याप्रमाणे त्यांनी एकमेकांना ओळख दाखवली नाही. अनुपमा भिंतीशी आपली फाइल घेऊन उभी होती. पुढच्या रांगेत डेस्कटॉप आणि फोन मांडलेले होते. मागच्या रांगेत नुसती टेबलं, तीही चाकांची, आणि प्रत्येकापाशी एक खुर्ची. देवेश पुढच्या रांगेतल्या एका खुर्चीपाशी जाऊन थांबला. आपली जागा कोणी बळकावू नये म्हणून थांबतात तसा.

श्रुतिका मॅडमनी सगळ्यांना जवळ बोलावलं. त्यांचं बोलणं दोन मिनिटांत संपलं. पुढच्या रांगेत कस्टम्सचं सॉफ्टवेअर चालणारी मशीनं आहेत, ती सगळ्यांनी मिळून वापरायची. बसायची जागा सगळ्यांची मागची, तिथे टेबलं पुरेशी आहेत. सगळ्यांना नवीन लॅपटॉप मिळणार, काम वायफायवर, टेबलं हवी तशी फिरवा, म्हणूनच तिथे वायरची कटकट ठेवली नाही. हे सरप्राइज होतं, म्हणून आधी सांगितलं नव्हतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवेशने पण वाजवल्या. त्याचे हात दोनतीनदा एकमेकांवर आपटले आणि मग तसेच राहिले. त्याने अनुपमाकडे पाहिलं. ठरलं होतं की पाहायचं नाही, पण त्याने पाहिलं, आणि तिनेही. कोणी जाणार नव्हतं. कोणी कधीच जाणार नव्हतं. साऱ्या मजल्यावर हे फक्त त्या दोघांनाच नव्याने कळत होतं.

"अजून एक," श्रुतिका म्हणाल्या. "सेक्शनचं काम वाढतंय. एक माणूस कमी झालाय आणि आम्हाला अजून दोन हवेत, अनुभवी. तुमच्यापैकी कोणाच्या ओळखीत कोणी आहे?" त्यांची नजर फिरत देवेशवर थांबली. "तुम्ही जुने आहात. कोणी आहे?"

आता तो प्रज्योतचं नाव घेईल असं अनुपमाला वाटलं. निदान नाव. कार्डाचं काही बोलू नको, पण नाव तरी घे, असं ती मनातल्या मनात त्याला विनवत होती.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "तसं कोणी नाही."

श्रुतिका वळल्या. अनुपमाला पुढचं सगळं दिसत होतं. नवऱ्याची नोकरी, तिचं काम, चंद्रप्रकाश सरांचा चेहरा, रिकामा डबा घेऊन घरी येणारा माणूस. इतके दिवस ज्याची भीती बाळगली ते सगळं एका वाक्याच्या अंतरावर होतं, आणि ते वाक्य बोलायला आज कोणी जबरदस्ती करत नव्हतं. तिने फाइल जवळच्या टेबलावर ठेवली.

"मॅडम, एक आहे," ती म्हणाली.

श्रुतिका थांबल्या. सेक्शनची माणसं या केबलवालीकडे पाहू लागली. देवेशने अगदी बारीक मान हलवली, नको म्हणून.

"प्रज्योत. त्याला परत बोलवा. त्याचं कार्ड तो लावत नव्हता, पण ते पँट्रीत पण सापडलं नव्हतं. ते रोज यांच्या ड्रॉवरमध्ये असायचं, आणि मशीनला हेच लावायचे." तिने देवेशकडे बोट केलं नाही, नुसतं पाहिलं. "मला माहीत आहे, कारण हा माझा नवरा आहे."